माका, मले

तुम्ही मूळच्या कुठल्या, असं मला या वयातही विचारतात आणि मला त्याचा अजून राग येतो. माझी सगळी हयात बुलढाणा जिल्ह्यात गेली. लहानपण मलकापुरात, लग्न होऊन धामणगाव बढ्याला, आणि आता पुन्हा मलकापुरात. तरी माहेरचं आडनाव ऐकलं की समोरच्याची मान जराशी तिरपी होते आणि प्रश्न येतोच. कोकणातल्या, असं मी सांगते आणि विषय मिटवते. खरं सांगायचं तर कोकण मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. त्या एका खेपेबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललेले नाही. ती खेप माझी नव्हतीच, माझ्या आयेची होती.

आईला आम्ही आये म्हणायचो. ती मालवणजवळच्या एका खेड्यातली. वडील मुंबईच्या गिरणीत फिटरचं काम शिकले आणि तिथून मलकापुरातल्या एका जिनात मिस्त्री म्हणून आले. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. लग्नानंतर आये मुंबईत जेमतेम वर्षभर राहिली असेल. मला दात यायच्या आत आम्ही वऱ्हाडात पोचलो होतो.

आमचं घर गावात नव्हतं. रेल्वेच्या लायनीपलीकडे, जिनाच्या पत्र्याला लागून नव्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या, त्यातलं एक आमचं. गावातले लोक त्या वस्तीला परदेशीपुरा म्हणत. तिथं समुद्रापलीकडून आलेलं कोणी नव्हतं. उत्तरेकडचे हमाल होते, एक तेलंगी गवंडी होता, बऱ्हाणपूरकडून आलेले मुसलमान रंगारी होते, आणि आम्ही. पण लायनीच्या त्या बाजूचा तो परदेशी, असा साधा हिशेब होता. गंमत म्हणजे तेव्हा खुद्द वऱ्हाडाचंच मूळ गाव कोणाला सांगता आलं नसतं. कागदावर मालक निजाम, राज्य इंग्रजाचं, आणि कारभार मध्यप्रांताला जोडून नागपूरहून. इतक्या जणांच्या जागेत परदेशी ठरलो ते आम्ही!

आयेला वस्तीत बंबईवाली म्हणत. भुसावळच्या पलीकडे जे काही असेल ते सगळं मुंबईच, अशी लोकांची समजूत. मग बाजारात एक प्रकार घडला आणि तिचं ते नावही गेलं. हा प्रकार मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की तो मला स्वतः पाहिल्यासारखा आठवतो, पण मी तेव्हा कडेवर होते.

आये पहिल्यांदाच एकटी बाजारात गेली होती. वांग्यांच्या ढिगासमोर बसून ती भाजीवालीला म्हणाली, "माका वायच दी गो." म्हणजे मला थोडी दे. भाजीवालीनं मान हलवली.

"मका? मका कुठी वो बाई आता? मक्याले अजून टाइम हाये."

आयेला वाटलं, आपण हळू बोललो. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा सांगितलं, "माका! माका!"

"हाव न, समजलं, मका. पन नाही न माह्यापाशी." आणि भाजीवालीनं पलीकडच्या बाईला हाक मारली, "ए बैन, या बाईले मका पाह्यजे वो, लय नड दिसते." ती नड दोन्ही ओळींत पसरली. कोणी म्हणालं, ज्वारी घेऊन जाय. कोणी विचारलं, घरी पोपट हाये का? आये वांग्यांकडे बोट दाखवत रडकुंडीला आली. शेवटी आमच्या शेजारची रंगाऱ्याची बायको तिथं आली, तिनं वांगी मोजून घेतली आणि आयेला दंडाला धरून बाहेर आणलं. ती माझी खाला, म्हणजे मावशी. रक्ताची नव्हे, पण माझ्या सगळ्या दुखण्याखुपण्यांत तिचेच निळे-लाल हात माझ्या कपाळावर असत. डाग कधी निघायचेच नाहीत.

खालानं वाटेत आयेला धडा दिला. "बाई, इथं राह्यचं असन तं मले म्हन. मले. माका म्हनशीन तं जिंदगीभर मका खाशीन."

त्या दिवसापासून आये मकावाली झाली. मुलं तोंडावर म्हणत, मोठी माणसं पाठीमागे. ती हसण्यावारी न्यायची. पण घरात आल्यावर तिनं एक नियम घालून टाकला, आणि एरवी मऊ असलेली माझी आये त्या बाबतीत फार कडक होती. उंबऱ्याच्या आत माका. उंबऱ्याबाहेर काय बोलायचं ते बोला. खालाशी तीही मले म्हणू लागली होती.

त्यामुळे मी तीन तोंडांनी वाढले. आयेजवळ माका. गल्लीत मले. आणि शाळेत जायला लागले तेव्हा पुण्याकडून आलेल्या बाईंनी सगळ्या वर्गाला उभं करून मला, मला, मला असं घोकून घेतलं. मले म्हणणारी मुलगी म्हणजे गावंढळ, असं त्यांचं मत होतं आणि त्या ते लपवत नसत. मी त्यांच्यासमोर एकदा चुकून माका म्हटलं. त्या म्हणाल्या, "ही आणखी कुठली भाषा?" सगळ्या मुली हसल्या. मला इतका संताप आला की मी मधल्या सुटीत डबाच उघडला नाही.

घरी येऊन मी आयेवर डाफरले. माका, तुका, खय, हय, हे सगळं कशाला हवं आपल्याला? इथं कोणी बोलत नाही. बाबासुद्धा बोलत नाहीत. ते खरंच होतं. वडील जिनात हिंदी बोलत, गल्लीत वऱ्हाडी बोलत आणि घरी आल्यावर दमून काहीच बोलत नसत.

आये चुलीपुढे होती. ती म्हणाली, "आजयेक भेटशीत तेव्हा काय बोलतलस?"

आजी म्हणजे तिची आई. आयेचा सगळा जीव तिथं होता. ही एक गोष्ट मी लहानपणापासून जाणून होते, जशी घरातली विळी कुठं असते ते जाणून होते. आयेला माहेरी जायचं होतं. फार दिवसांसाठी नव्हे. एकदा जाऊन आईला भेटायचं, तिला मला दाखवायचं आणि परत यायचं. आजीची नजर मोतीबिंदूनं गेली होती, वय झालं होतं. गावाहून येणारा प्रत्येक जण सांगायचा की म्हातारी तुझीच वाट बघते.

पण जायचं कसं? मालवणला तेव्हा मुंबईहून आगबोटीनं जायचं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. त्या सुरू व्हायच्या पावसाळा सरल्यावर, आणि नेमका तेव्हाच नवा कापूस येऊन जीन सुरू व्हायचं. भोंगा वाजायला लागला की वडिलांना श्वास घ्यायला फुरसत नसे. उन्हाळ्यात जीन बंद झालं तर मिस्त्रीचं काम आणखी वाढायचं, कारण सगळी यंत्रं खोलायची, घासायची आणि पुन्हा बसवायची. ते संपून वडील मोकळे होत तेव्हा आषाढ लागलेला असे आणि बोटी बंद असत. घाटावरून वाट होती, पण भर पावसात लहान मूल घेऊन त्या वाटेनं जायला वडील तयार नसत. एकटीला पाठवायला तर नाहीच. "येत्या वर्साक जावया," असं ते म्हणत. तेवढं एक वाक्य मात्र ते आठवणीनं घरच्या बोलीत म्हणत.

आणि आये दर वर्षी ते खरं मानायची. बाई भोळी होती असं नाही. खरं मानल्यावाचून तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

वस्तीत तिचा दिवस येई तो भुलाबाईच्या वेळी. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्हा मुलींचं हे राज्य. मातीचे भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे आणि संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायचं. गाणी बहुतेक सासर-माहेरची. ज्यांना सासर कशाशी खातात ते ठाऊक नाही अशा मुली बेंबीच्या देठापासून माहेरासाठी गात. गाणी संपली की त्या घरची बाई खिरापत आणायची. पण ती अशी मिळायची नाही. झाकलेला डबा वाजवून दाखवायचा आणि आम्ही ओळखायचं. खडखड वाजलं तर फुटाणे, सळसळ झाली तर मुरमुरे. वऱ्हाडात म्हणतात, वळखा. वळखली तर हातावर पडायची, नाही वळखली तर हार कबूल करायची.

आमच्या घरचा डबा वाजतच नसे. आये तो जोरजोरानं हलवायची, कानाशी नेऊन दाखवायची, आणि आत सगळं गप्प. शिरा? नाही. खीर? नाही. दहीभात? मुली हरायच्या. मग ती झाकण काढायची आणि आत नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या खापरोळ्या असायच्या. तांदूळ-उडदाच्या त्या मऊ, जाळीदार, हळदीनं पिवळ्या झालेल्या. नारळ देवळाजवळच्या दुकानातून, आणि खापर इथल्याच कुंभाराकडचं. आपल्याकडे मांड्यांसाठी खापर चुलीवर पालथं घालतात, आये ते उताणं घालायची. पहिल्या वेळी बायका ते बघायला जमल्या होत्या आणि खाला पदर तोंडात धरून हसली होती. "उलटी दुनिया वो बाई तुमची!"

पण खापरोळ्यांपुढे कोणाचं काही चाललं नाही. वऱ्हाडी तोंडात ळ टिकत नाही, त्याचा य होतो, म्हणून मुली खापरोया म्हणत. आये म्हणायची, "खापरोया नाय गो, खापरोळी." मुली मुद्दाम आणखी मोठ्यानं ओरडायच्या, खापरोया, खापरोया! दोनचार वर्षांत तर डबा हलवायचीही गरज उरली नाही. आम्ही अंगणात शिरलो की गाण्याआधीच आरडाओरडा सुरू व्हायचा. खालाची धाकटी त्यात पुढे. आये दटावायची, आधी गाणी म्हणा. पण तिचा चेहरा असा फुललेला असायचा की तिच्या दटावणीला कोणी भीक घालत नसे. मला वाटतं, तेवढे दिवस ती मकावाली नसायची, परदेशीही नसायची.

मी चौथीत होते त्या वर्षी जिनातलं जुनं इंजिन काढलं आणि नवं मुंबईच्या गोदीत अडकून पडलं. दिवाळी झाली तरी भोंगा वाजेना. मालकानं वडिलांना मुंबईला जाऊन बसायला सांगितलं, इंजिन सुटेपर्यंत. वडील घरी आले, पाटावर बसले आणि आयेला म्हणाले, "चला. तुमका बोटीत बसवतंय."

आयेनं हातातली परात खाली ठेवली, ती पुन्हा उचलायची तिला आठवणच राहिली नाही. भाकरी मी केल्या आणि त्या जळल्या.

बोटीत ओळखीचं एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्या सोबतीनं वडिलांनी आम्हाला धाडलं. समुद्र बघून मी घाबरले. नळगंगेला पूर आला की अख्खं गाव बघायला धावतं, इथं तर पुराला काठच नव्हता. आयेला कशाचीच भीती नव्हती. ती भराभरा बोलत होती, शेजारच्या बायकांशी, खलाशांशी, कोणाशीही. माका, तुका, खयसून, कित्याक. तिला सगळं कळत होतं आणि तिचं सगळ्यांना कळत होतं. तिला कोणाला परत परत सांगावं लागत नव्हतं. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला जरा परकंच वाटलं.

ती मला शिकवत होती. आजीच्या पाया पडायचं. मग म्हणायचं, आजये, मी इलंय, म्हणजे मी आले. स्वतः काय म्हणायचं तेही तिनं ठरवलं होतं. दारातूनच हाक मारायची, आये, मी इलंय. ती हे पुटपुटायची आणि हसायची.

घर नारळीच्या बागेत होतं. मामी अंगणात काहीतरी निवडत होती, ती उठून उभी राहिली. आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी, पाठीत वाकलेली, डोळ्यांवर सायीसारखा पडदा. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि विचारलं, "कोण ता?"

आये पायरीवर थबकली. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टांगून ठेवला ती समोर होती आणि आरपार बघत होती. आयेच्या हातातलं बोचकं पडलं. ती धावली, आजीचे दोन्ही हात धरले, आणि तिला हुंदका फुटला.

"माय वो! मले वळखलं नाही का वो माय?"

मी ते ऐकलं. बोटीतले सगळे माका-तुका कुठं गेले कोण जाणे. आनंदाला, दुःखाला, ठेच लागल्यावर, इतकी वर्षं तिनं खालाच्या गळ्यात पडून जे म्हटलं होतं तेच तिच्या तोंडून आलं. मन मोकळं करायचं ते तिनं वऱ्हाडातच केलं होतं, दुसरं कोण होतं तिला?

आजीनं हात सोडवून घेतले. "कोण गो ही? खयची घाटीण?"

घाटीण म्हणजे घाटावरची, परकी. आये एकदम भानावर आली. "आये, मी गो! तुझा चेडू. माका वळखलंस नाय?"

पण ते आता उशिरा आलं होतं. आजी मामीच्या दिशेला बघून म्हणाली, "माझा चेडू मुंबयच्या पलीकडे रवता. ता असा बोलणा नाय." मामीनं सांगून पाहिलं, अहो आये, तीच ती, तुमचीच लेक. आजीचं डोकंही तेव्हा शाबूत नव्हतं, एकदा धरलेलं सुटत नसे. कोणीतरी बाई आपल्याला फसवायला आली आहे असं वाटून ती भेदरली. मामीनं तिला पाणी दिलं आणि आयेला हलकेच बाजूला नेलं.

मला शिकवलेलं मी करायचं होतं. मी पुढे होऊन पाया पडले आणि म्हटलं, "आजये, मी इलंय. माका जवळ घे."

आजीनं कान टवकारले. तिनं माझं तोंड चाचपलं, केस चाचपले. "ह्या माझ्या चेडवाचा चेडू," ती म्हणाली आणि मला तिनं असं आवळून धरलं की माझी बरगडी दुखली. मग माझ्या कानाशी तोंड आणून तिनं विचारलं, "तुझी आवस खय आसा? ती कित्याक येवक नाय?"

आवस म्हणजे आई. आये हाताच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. "येतली, आजये," मी म्हटलं.

आम्ही तिथं राहिलो तेवढे दिवस असेच गेले. आये रोज प्रयत्न करायची. आजीच्या शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगायची, शेजारच्यांची, गोठ्यातल्या गाईची नावं घ्यायची, अगदी घरच्या बोलीत, एकही शब्द न चुकता. आजी ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, हिका कोणी सांगल्यान ह्या सगळा? पण तिची भीती गेली होती. ती आयेशी पाहुणीशी बोलतात तसं बोलायची, जेवलीस का विचारायची, घाटावर पाऊस कसा पडतो ते विचारायची. आणि मला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा विचारायची, तुझी आवस कधी येतली? मला त्या म्हातारीचा राग यायचा आणि तिच्या मांडीवरून उठवतही नसे. आयेनं मला शिकवलेलं बोलणं माझ्या कामी आलं होतं. तिच्या मात्र कामी आलं नाही. हा कसला न्याय, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

निघायच्या दिवशी आजीनं मामीला हाक मारून सांगितलं, त्या घाटणीची ओटी भर, लांबून आली आहे बिचारी, तिची आवस असती तर तिनं भरली असती. मामी रडायला लागली. आयेनं पदर पसरला, ओटी घेतली, आजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मलकापूरच्या ठेसनावर खाला आणि तिची धाकटी आम्हाला घ्यायला आल्या होत्या. खालानं दुरूनच विचारलं, "भेटली का वो तुही माय?"

"हाव, भेटली," आये म्हणाली.

"वळखलं तुले?"

"हाव न. आवाजावूनच वळखलं. लय रडली."

मी मान वर करून आयेकडे बघितलं. ती खालाच्या खांद्यावर हात टाकून चालत होती. खाला म्हणाली, "मंग! माय हाये, वळखनच." तोवर इंजिन घेऊन परतलेल्या वडिलांनी घरी हेच विचारलं आणि त्यांनाही तिनं हेच सांगितलं. मी कधी तिला खोटं पाडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्याचं कार्ड आलं तेव्हा वस्तीतल्या बायका भेटायला येऊन बसल्या, आणि त्यांच्यापुढेही आये तेच म्हणून रडली. माह्या मायनं मले आवाजावून वळखलं होतं वो.

घरातला नियम कधी मोडला ते मला सांगता येत नाही. तिनं काही जाहीर केलं नाही. मी माका म्हणायचे, ती उत्तर मले म्हणून द्यायची. मला वाटायचं, तिच्या लक्षात येत नाही. मग मी आणखी मोठ्यानं म्हणायचे. ती चुलीतला जाळ सारखा करायची आणि वऱ्हाडीतच सांगायची, जेवून घे. गल्लीतल्या मुलांनी मकावाली म्हटलं तर आता ती वळूनही बघत नसे. मला वाटायचं तिनं चिडावं, त्यांच्या अंगावर जावं. मीच जायचे आणि भांडून यायचे.

भादव्याची पुनव आली. भुलाबाई बसली. आम्ही टिपऱ्या घेऊन वस्तीभर फिरलो आणि शेवटी नेहमीसारख्या आमच्या अंगणात आलो. आल्या आल्या खालाच्या धाकटीनं आरोळी दिली, "खापरोया!" मग सगळ्याच ओरडायला लागल्या. खापरोया, खापरोया! मला ठाऊक होतं की घरात त्या दिवशी तांदूळ भिजले नव्हते, नारळ आला नव्हता. खापर कोनाड्यात पालथं पडलं होतं. तरी मीसुद्धा ओरडले. कोण जाणे, आपण ओरडलो तर होतील असं वाटलं असेल.

आये डबा घेऊन दारात आली. "आधी गानी म्हना," ती म्हणाली. आम्ही गाणी म्हटली. मग तिनं डबा हलवला.

खडखड वाजला.

तिनं पुन्हा हलवला. आमच्या घरचा डबा वाजतो हे कोणाला खरं वाटेना. शेवटी खालाची धाकटी पडेल आवाजात म्हणाली, "फुटाने?"

"हाव. वळखली बाई!" आये हसली आणि तिनं झाकण काढलं.

"पन काऊन वो मावशी? खापरोया काऊन नाही केल्या औंदा?"

"मले नाही येत त्या," आये म्हणाली.

"येते न! दर साली करत होती."

"इसरली वो मी. खा, फुटाने खा. चांगले हायेत."

ती एकेकीच्या हातावर मूठमूठ फुटाणे ठेवत आली. माझा नंबर आला. मी ओंजळ पुढे केली आणि सगळ्या मुलींसमोर, अंगणात, उंबऱ्याच्या बाहेर, मोठ्यानं म्हटलं, "आये, माका दी."

तिचा हात डब्यातच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं माझी ओंजळ फुटाण्यांनी भरली आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटवली, एकही सांडू नये म्हणून.

"मले म्हन वो पोरी," ती म्हणाली. "मले. माका म्हनशीन तं कोन वळखन तुले इथं?"